नांदेडच्या पुढचे तीन तास

आमच्या शेजारच्या नागम्मा मावशी कधी विमानात बसल्या नाहीत. पण बेंगळुरूहून नांदेडला विमान दीड तासात येतं, हे लातूरच्या गंजगोलाईतल्या त्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या ऐकवायच्या. नवरा, अण्णाराव, गेल्यावर किराणा दुकान त्यांनी एकटीनं चालवलं आणि रविकिरणला इंजिनिअर केलं. तो बेंगळुरूला. त्याला मुलगा झाला, तशी मावशींनी अण्णारावांच्या गळ्यातली, लिंगायतांच्या इष्टलिंगाची चांदीची डबी चिंचेनं घासून लख्ख केली. नातवाच्या गळ्यात ती आपल्या हातानं घालायची, एवढा एकच हट्ट.

रविकिरणची सासुरवाडी नांदेडची. फोनवर तो म्हणायचा, "आई, विमान नांदेडपर्यंतच येतंय. पुढं लातूर तीन तास. बाळाला झेपायचं न्हाई."

मावशींनी एकदा मला विचारलं, "नांदेडहून लातूरला विमान असतं तर किती वेळ लागला असता गं?"

मी मोबाइलवर पाहिलं. सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. म्हटलं, वीस-पंचवीस मिनिटं.

"बघ, एवढ्यासाठी अडलंय समदं." पुन्हा लेकाचीच बाजू! मला राग आला.

मावशींच्या घरचे स्वामी दर सोमवारी पूजेला येतात. या घरातल्या पोरांच्या गळ्यात लिंग बांधायचं ते त्यांनीच, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या सोमवारी मी तिथंच होते. स्वामी पाटावर बसले आणि म्हणाले, "तब्येत कशी हाय आता, आक्का? परवा नांदेडला तुमी न्हवता, लई चुकल्यावानी वाटलं. आईला प्रवास सोसत न्हाई म्हणला रवी."

"नांदेडला काय होतं?"

"बाळाला लिंग बांधलं की! आमच्या घरचेच स्वामी पायजेत म्हणून रवी अडून बसला. मग गेलो एष्टीनं."

शहाणाच की! घरचे स्वामी हवेत, घरची आई नको. आणि हे स्वामी दर सोमवारी आईच्याच पाटावर बसतात, हेही विसरला.

मावशींनी पूजा केली, स्वामींना पोटभर जेवू घातलं, वाटेला लावलं आणि मग फोन लावला.

"रवी, बाळाच्या गळ्यात डबी कुणाची हाय?"

तो म्हणाला, "सासऱ्यांनी सोन्याची केली होती, आई. त्यांनी घाईत ठरवलं समदं. आन्‌ तुला तीन तास एष्टीत..."

"म्हातारे स्वामी आले न्हवं एष्टीनं?" मावशींचा आवाज फाटला. "फसवलंस रे मला. मी उभ्यानं आले असते. तू नुसतं 'ये' म्हणायचं होतंस."