वळसंगच्या न्हाणीत जावई

लेकीला पहिल्यांदा हातात घ्यायला मी कामावरून सोलापूरमार्गे वळसंगला, सासुरवाडीला गेलो, तर सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. "जावईबापू, आदी न्हाणीत. बाळातिणीच्या खोलीत असं न्हाय जायचं."

बाहेरून आलेल्यानं हातपाय धुवायचे, ही रीतच आहे. पण मला अख्खी आंघोळ, वर अंग घासायला वजरी! दोष माझाच. लग्न ठरताना छाप पाडायला मी बैठकीत सांगून बसलो होतो, की बंद झालेली अणुभट्टी पाडायचं आमचं काम, तिथल्या भिंतीची चिमूटभर धूळसुद्धा जिवाला घातक. पाहुणे एकदम गप्प झाले. मला वाटलं, भारावले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

न्हाऊन आलो. सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अजून एकदा करा की."

झालं, माझ्यातला साहेब जागा झाला. डोकं ओलं, कमरेला सासऱ्यांची लुंगी, आणि माझं व्याख्यान सुरू. "अहो आई, भिंत हातभर जाड असली तरी आमच्या तिथं किरणोत्सर्ग बहुतेक वरच्या सालीतच असतो. आम्ही आधी मोजतो, मग तेवढीच साल खरवडतो. ती खरवड पिंपात भरून जपायची. खालचं काँक्रीट परत तपासायचं, चोख निघालं की तो साधा राडारोडा. भीतीपोटी सगळी भिंतच पिंपात भरली, तर पुढच्या पिढ्यांनी काय नुसती पिंपंच राखायची? आणि सुटताना माझेही हातपाय यंत्रावर तपासतात. चोख असल्याशिवाय सोडत नाहीत!"

"व्हय, पटलं," सासूबाई म्हणाल्या. "मग तुमची वरची साल निगाली का नीट? वजरी हितंच हाय."

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. मी मुकाट न्हाणीत गेलो. बाहेर आल्यावर ओव्याची धुरी अंगावर घेतली, खोकलो, आणि एकदाचं "या आता" मिळालं.

खोलीत गेलो. लेक दुपट्यात झोपली होती, मुठी आवळून. आणि माझे हात पुढंच होईनात. भीती वाटली. मलाच! यंत्रानं सोडलं होतं, सासूबाईंनी सोडलं होतं, तरी मी नखांच्या कडा न्याहाळत उभा. "आलोच," म्हणालो आणि पुन्हा न्हाणीत शिरलो. या वेळी मला कुणी पाठवलं नव्हतं.

हात घासत होतो तोवर बायको लेकीला घेऊन न्हाणीच्या दारात आली.

"अवो, किती घासताय? लालबुंद झालेत की हात."

"राहिलं असलं काही तर?"

"यंत्राचं खरं, का तुमच्या भ्याचं?"

मी वजरी खाली ठेवली. म्हणालो, "यंत्राचं."

"मग पुसा हात आन् घ्या."

घेतलं. एवढीशी, ऊन ऊन. मी रडायला लागलो, आणि हात कुठं लागतायत तेच बघत राहिलो.

"अवो, मान!" सासूबाई मागून ओरडल्या. "हातांचं राहू द्या, तिची मान धरा!"