दह्याच्या जंतूची कंबर

दह्यातल्या एका जंतूचे दोन होतात तेव्हा त्याच्या कंबरेत काय घडतं, एवढंच मला पाहायचं होतं. फार मागितलं का मी? शाळेनं मोडीत काढलेला मायक्रोस्कोप जावयानं आणून दिला, तेव्हापासून चार वर्षं मुर्री गावातल्या घरात खिडकीपाशी बसून मी हेच करून राहिली. काडीसारखे जंतू दिसतात. मधात बारीक झालेलेही दिसतात. पण नेमकी ती कंबर? नुसतं धुकं.

पुस्तकात वाचलं, मोठ्या भिंगाखाली तेलाचा थेंब द्यावा लागतो. ते तेल वेगळं मिळतं हे कोणाला ठाऊक! मी घरातलं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल टाकलं. पौषातली सकाळ, तेल भिंगावर तुपासारखं थिजलं. जाऊबाई म्हणाली, "आता त्यातच भजे तळ वो बाई, तुह्या जंतूले चारून दे." दोन दिवस भिंग पुसत बसले. मग खरं तेल मागवलं. तरी धुकं ते धुकंच.

होळीला नात आली. ती पुण्यात अशाच जंतूंच्या प्रयोगशाळेत शिकते. म्हणाली, "आजी, भिंगाले कायले शिव्या देतेस? दोष प्रकाशाचाच आहे. त्याच्या लाटेच्या लांबीच्या अर्ध्याहून जवळ असलेले दोन ठिपके एकमेकांत मिसळतात. कितीही भारी भिंग आण."

"मंग चार वर्षं मले काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी?"

मग तिनं तोड सांगितली. जंतूत चमकणारा रंग बसवायचा, पण सगळे कण एकदम चमकू द्यायचे नाहीत. थोडे थोडे, दूर दूरचे. हजारो फोटो काढायचे, दरेक ठिपक्याचा मध्य धरायचा आणि सगळे मध्य एका चित्रात मांडायचे. हे मला लगेच कळलं. धानाच्या रोवण्यात बांधावरून चहासाठी बाया मोजायला गेलं की वाकलेल्या बायांचा एकच ढीग दिसतो; एकेक जण पाठ सरळ करते तेव्हाच मोजता येतं.

तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. जंतूच्या मधोमध, कंबरेतच, ठिपक्याठिपक्यांचं एक कडं; तेच आवळत जाऊन जंतूचे दोन करतं म्हणे. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू.

"पण हा तुमचा जंतू," मी म्हटलं, "माह्या दह्यातला कोठं आहे?" आणि जाताना स्टीलच्या डबीत दही बांधून दिलं.

आठ दिवस वाट पाहून मीच फोन केला.

"आजी, प्रयोगशाळेत घरचं दही नाही चालत. रंग बसवायलाच महिने जातात."

"मंग डबी?"

"गाडीत भूक लागली होती. भातासंगं खाल्लं. मस्त लागलं वो!"

मी फोन ठेवून दिला. दह्याची तारीफ ऐकायला मी चार वर्षं एक डोळा मिटून बसले नव्हते.