सालोमीचे राखलेले बोंबील

पाचूबंदरच्या सालोमीने दोन हजार चार साली बोंबील राखले ते होडीसाठी. होडीचं मशीन मार्चमध्येच बंद पडलं होतं. ते दुरुस्त झालं तरच ऑगस्टात मासेमारीची बंदी उठल्यावर तिचा नवरा सॅन्टन स्वतःच्या होडीने जाणार, नाहीतर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. "बापाची होडी दारात, नि मी लोकाचं जालं ओढू?" एवढंच तो एकदा जेवता जेवता म्हणाला होता. बोंबलांच्या पैशातून मशीन दुरुस्त करायचं, हे सालोमीने तेव्हाच ठरवलं होतं.

मे महिन्यात किनाऱ्यावर नजर जाईल तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते. प्रत्येक घराला पावसाआधी विकायची घाई, मग भाव पडायचाच. पण यंदा व्यापारी नेहमीपेक्षाही खाली बोलला.

"एवढ्यात बांबूचे पैसे तरी सुटतील का रे?" सालोमी कडाडली.

"बाय, मला यंदा पुढे गिऱ्हाईक दिसत नाही," तो म्हणाला.

"लबाड मेला! पावसात दुप्पट करून विकशील."

शेजारच्या तेरेसामावशीने मात्र निमूट सगळे देऊन टाकले. "माज्या घरात उंदीर हायत गो. राखून कोनाला घालू?"

"मग उंदरांनाच लग्नाला बोलाव! जुलैत होड्या बंद, ताजी मासली नाय. तवा बग भाव कसा चढतो."

यात खोटं काहीच नव्हतं. श्रावणाचाही विचार तिने केला होता. गोखिवऱ्याच्या नव्या सोसायट्यांतल्या कोकणी बायका तिची हक्काची गिऱ्हाइकं, आणि श्रावणात त्या मासळीला शिवत नाहीत हे तिला पाठ होतं. गेल्या वर्षी तो जुलै संपता संपता लागला होता, तसाच यंदाही लागेल आणि महिन्याने सरेल असं ती धरून चालली. घरात टांगलेल्या चर्चच्या कॅलेंडरवर संतांचे सण होते, उपासाचे शुक्रवार होते. श्रावण कुठून असणार?

जूनमध्ये भाव चढू लागला तरी तिने हात राखूनच विकले. अजून चढू दे. रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाली की माळ्यावर चढून गोण्यांचा वास घ्यायची आणि म्हणायची, "मारियामाते, कोरडे ठेव."

जुलैच्या मध्यावर भरली पाटी घेऊन ती मनोरमाबाईंच्या दारात गेली. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"अगं सालोमी, परवाच आमची गटारी झाली. आता नको गं बाई."

"श्रावण लागला? एवढ्यात? बरं, महिन्यानं येते."

"महिन्याने कुठली? यंदा अधिक आलाय. दोन श्रावण! मग गणपती. त्यांचं झालं की ये." बाईंनी आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. "बघ, वर्षभर छापलेलं आहे."

सालोमी बघत राहिली. व्यापाऱ्याच्या गल्ल्यामागेही असंच कॅलेंडर टांगलेलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. म्हणजे मेमधला भाव लबाडीचा नव्हता. येणारे दोन महिने त्या भावात आधीच उतरले होते, आणि तिने त्याला शिव्या घातल्या होत्या.

मग ती जिने चढत उतरत राहिली. कुणी दार उघडलं, कुणी आतूनच "नको" म्हटलं. आपल्या माणसांकडे जावं, तर पाचूबंदरात घराघरात खाण्यापुरते बोंबील ठेवलेलेच. पावसाने गोण्यांना ओल आली, मग किडे लागले. ऑगस्टात होड्या निघाल्या आणि ताजी मासळी आली. सुक्याकडे वळूनही कुणी पाहीना. शेवटी गासच्या एका बागाईतदाराने ते खतासाठी उचलले, खताच्याच भावाने. सालोमीने घासाघीस केली नाही.

त्याआधी, होड्या निघायच्या दिवशी, फादर किनाऱ्यावर होड्यांना आशीर्वाद द्यायला आले होते. सॅन्टन गावातल्या लुईसच्या होडीवर खलाशांच्या रांगेत मान खाली घालून उभा होता. तीर्थ शिंपडत फादर सालोमीच्या होडीपाशी थांबले. वाळूत कललेली, माडाच्या झापांनी झाकलेली होडी.

"हिलाही देऊ ना?"

सालोमीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "राहू द्या, फादर," ती म्हणाली. "ती कुठं जातेय?"