तलाव भरू दे, मग जा

वेलिंग्टनच्या आमच्या ऑफिसात वीज साठवायला नाना खटपटी कराव्या लागतात, किस्से मात्र आपोआप साठतात. चहाला एकाने काढला की दुसऱ्याला आठवतोच. त्यातले बहुतेक केतकरकाकांचे. पूर्वी मी ते तिखटमीठ लावून सांगायचे. हल्ली सांगताना मध्येच अडखळते, पण सांगते.

* * *

काका मूळचे साताऱ्याचे, साठीला टेकलेले, सगळी नोकरी पाण्यावरच्या विजेत गेलेली. न्यूझीलंडची बरीचशी वीज दक्षिणेकडच्या तलावांवर चालते. काका रोज सकाळी स्क्रीनवर तलावांची पातळी बघायचे आणि पुटपुटायचे, "उतरलं." त्या वर्षी हिवाळा कोरडा होता, त्यामुळे रोज उतरलंच!

आमचा बॉस क्रेग. गोरा, साधा माणूस. त्याला वाटलं, हे मराठीतलं 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार. मग तोही लिफ्टमधून बाहेर पडला की काकांना मोठ्यांदा, "उतरलं, मेट!" काका गंभीरपणे मान हलवायचे, कारण बातमी खरीच असायची. असे दोन महिने गेले. मग एकदा जरासा पाऊस झाला आणि काका म्हणाले, "चढलं." क्रेगने मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, हे संध्याकाळी म्हणतात का?

* * *

तेव्हाच आमची मोठी बॅटरी उभी राहत होती. बॅटरी म्हणजे कंटेनरच्या रांगाच रांगा. वीज जास्त असेल तेव्हा भरायची आणि थंडीत सगळ्यांचे हीटर एकदम लागले की सोडायची. पुरणार जेमतेम दोन तास. तलाव पुरतात आठवडेच्या आठवडे. काका म्हणायचे, तहान लागल्यावर विहीर खणतायत, आणि तीही वाटीएवढी!

तरी पहिल्या कंटेनरपाशी नारळ फोडायचा हट्ट त्यांचाच. मग सेफ्टीचा फॉर्म आला. धोक्याचा प्रकार: नारळ. उपाय: हेल्मेट, गॉगल, हातमोजे. त्या जाड हातमोज्यांतून नारळ निसटला आणि क्रेगच्या बुटाला घासून गेला. क्रेगने शांतपणे 'निअर मिस'चा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, रिपोर्ट भरला. काकांना महिनाभर सगळे हेच विचारत होते की पूजेला हेल्मेट लागतं का.

* * *

आता इथे मी अडखळते.

ड्युट्यांचं रोस्टर माझ्याकडे. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, काका माझ्या टेबलाशी आले. त्यांची आई साताऱ्याला धाकट्या भावाकडे असते, तिला विसरायला होऊ लागलं होतं. म्हणाले, "अगं अनघा, फोनवर अजून ओळखते मला. तोवर जाऊन येतो म्हणतो."

पाणी आणि बॅटरी दोन्हींतलं कळणारा तोच एक माणूस होता आमच्याकडे. मी म्हटलं, "काका, तलाव भरू दे, मग जा."

ते "चालेल" म्हणाले. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

आईला त्यांनी फोनवर हेच सांगितलं, तलावात पाणी नाही म्हणून येता येत नाही. तिला वाटलं, पोराच्या घरीच पाणी नाही. दर रविवारी ती सांगायची की दिवसाआड अंघोळ कर, पत्रावळीवर जेव, भांडी तरी वाचतील. काका हे सांगताना इतके हसायचे की आम्हीही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे.

* * *

बॅटरी सुरू झाली आणि मग तो दिवस आला. सकाळी ऐन गर्दीच्या वेळी एका वीजकेंद्रातलं मोठं यंत्र अचानक बंद पडलं. ह्याच वेळेसाठी मी काकांना थांबवून ठेवलं होतं. त्यांनी हातातला कप खाली ठेवेपर्यंत बॅटरीने सगळा भार उचललासुद्धा. कुणी बटण दाबलं नाही की काही नाही. क्रेग "स्वीट ॲज!" म्हणून टाळ्या वाजवायला लागला.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या बॅटरीनं मला विचारलंसुद्धा नाही गं."

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी मी रजा मंजूर केली, पण तिकिटं मिळून, सगळं जमून निघेपर्यंत दिवाळी उलटली होती. तोवर बर्फ वितळून तलाव काठोकाठ भरले होते.

* * *

तीन आठवड्यांनी काका परत आले, कंदी पेढे घेऊन. डबे खाताना क्रेगने विचारलं, आई कशी आहे? काकांनी नेहमीसारखा किस्साच सांगितला, आधी इंग्रजीत त्याला, मग मराठीत मला.

घरात शिरल्या शिरल्या ते आईच्या पाया पडले. तिने त्यांना नीट बघितलं, खुर्ची दाखवली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही कुठले?"

काका म्हणाले, न्यूझीलंडहून आलोय.

तिला फार आनंद झाला. म्हणाली, "अगोबाई, मग आमच्या सुधीरला ओळखत असाल. त्याला निरोप द्याल का? म्हणावं, पाण्याचं बघ आधी, माझी घाई नाही. मी काही कुठे जात नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," काका म्हणाले, "देतो म्हटलं."