हौदातली बेडकं

माझे चुलते नाथाजी, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पाटण खोऱ्यातले. पलटणीतून सुटून आल्यावर, बाहत्तर साली, त्यांना पाचगणीच्या एका निवासी शाळेत माळ्याची नोकरी लागली. राहायला खोलीही मिळाली. बागेत कमळांचा दगडी हौद होता. पावसाळ्यात बेडकं त्यात अंडी घालत. अंड्यांतून शेपटीवाली काळी पिल्लं निघत आणि पंधरवड्यात बहुतेक नाहीशी होत.

"पिल्लं राखायची, नाथाजी. बेडूक वाढले पाहिजेत," जीवशास्त्राच्या लालासाहेब सरांनी सांगितलं.

कशाला, हे तात्यांनी विचारलं नाही. गुडघाभर पाण्यात उतरून ते चतुराच्या अळ्या वेचत. पिल्लांचा फडशा पाडायच्या त्याच. पाणकिडे फडक्यानं गाळून काढत, बगळा हाकलत. एकदा दिवड, पाण्यातला साप, आली.

"आवं, बिनइखारी हाय, जाऊ द्या," बयाबाई चुलती म्हणाली.

तात्यांनी काठीनं ती ठेचली. मग किती तरी वेळ हात धूत बसले.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी हौदाच्या काठानं तळहाताएवढी बेडकं बसू लागली. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवत. एके दिवशी लालासाहेब पोतं घेऊन आले.

"चाळीस पकड. परवा पोरांना चिरून दाखवायचेत."

"चिराया?"

"मग काय, पूजेला वाढवले?"

हुकूम मोडायची सवय नव्हती. तात्यांनी आपल्या हातानं चाळीस बेडकं पकडून दिली. दोन दिवसांनी पोटं फाडलेल्या बेडकांची बादली त्यांच्यापुढं आली. गुलाबाच्या वाफ्यात पुरायला सांगितलं. त्यांनी ती बेडकं पुरली.

पुढच्या पावसाळ्यात पिल्लं निघाली. एका अळीनं डोळ्यांदेखत एक धरलं. तात्या काठावर बसून राहिले, पाण्यात हात घातला नाही. महिनाभरात हौद रिकामा झाला.

"साप, किडे खात होते, तेव्हा तू काय करत होतास?" लालासाहेब ओरडले.

"त्येंच्या पोटाला लागतं, सर. तुमास्नी न्हाई."

उलट बोलला म्हणून नोकरी गेली, खोलीही गेली. तात्या कुपवाडला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले. पत्र्याखाली चुलती उन्हाळाभर भाजून निघायची.

"बेडकापायी चांगलं घर घालवलंसा," ती म्हणायची.

शाळेनं त्या वर्षापासून बेडूक बाहेरून मागवायला सुरुवात केली. पेट्या भरून येत, म्हणे.