ताप कालपासून

सकाळी पेपर आला का आमचे हे बाहेर चबुतऱ्यावर जाऊन बसत, अन् समोरच्या घरातले भैया आपला चहाचा गिलास घेऊन येत. दोघं जबलपुरातल्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून एकाच सेक्शनमधून रिटायर झालेले. आमच्या यायचं काम तपासणीचं. माल मोजायचा, कागदावर आकडा टाकायचा, अन् एक नग इकडचा तिकडं झाला त गाडी गेटवरच थांबवायची. अख्खी नोकरी मोजण्यात गेली. म्हणून कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पेपरात मेलेल्या लोकायचा जो आकडा छापून ये, तो वाचून यायच्या जिवाची तगमग होये.

"भैया, ये गिनती की किसने?" हे म्हणत. "घाट पे लकड़ी नहीं मिल रही, और पेपर में देखो, उंगलियों पे गिन लो!"

भैया हसत. "आप तो मुर्दे का भी गेट पास माँगोगे! अरे, लोग डर से मर रहे हैं. लॉकडाउन लगा के आदमी को घर में सड़ा दिया, और क्या."

"डर से फेफड़ा सफेद होता है क्या?"

"आपने देखा है फेफड़ा?"

"आपने डर देखा है?"

रोजचं होतं. मी आतून पोळ्या लाटता लाटता ओरडे, चहा थंडा होऊन राहिला, आधी तो प्या, मंग देश चालवा. गल्लीतले आणखी दोघं-तिघं आपापल्या दारातून तोंडाले गमछा बांधून यात पडत. कोणी म्हणे आकडे वाढवून सांगून राहिले, कोणी म्हणे दाबून राहिले. आमच्या यायचं एकच राहे. "सरकार लपवते ते लपवते, पण घरचे लोकच सांगत नाहीत, त्याचं काय? जो आपल्या घरचा बिमार लपवते तो सगळ्यात मोठा चोर."

मी चौथी शिकलेली बाई. मले आकडे समजत नव्हते, पण माणसं दिसत होती. पनागरची भाजीवाली टोपली घेऊन येई, मी विचारलं का तुझ्या गावात कसं आहे, त म्हणे, "अम्मा, हमारे यहाँ तो सबको टाइफाइड है." सगळ्यायलेच टायफाइड. तिलेभी माहीत होतं, मलेभी माहीत होतं. पण तपासणी केली का दारावर कागद चिपकवत, गल्लीच्या तोंडाशी आडव्या लाकडी बल्ल्या बांधत, अन् मंग कोणाचं कामावर जाणं नाही, दूधवाला आत येणं नाही. म्हणून सगळे टायफाइडच म्हणत.

एका सोमवारी हे चबुतऱ्यावर गेले नाहीत. हात लावून पाह्यला त अंग तव्यासारखं तापलेलं. मले म्हणाले, "चल, तपासणी करून येऊ. आजच सांगून टाकू." मी लुगडं बदलायले आत गेली, तेवढ्यात मागच्या दारानं भैयाची बायको आली. यायचा खोकला तिनं समोरून, खिडकीतून ऐकला असेल.

तिच्या पोरीचं लग्न शुक्रवारी होतं. ही पोर अर्धी आमच्याच घरात वाढलेली. मले काकी म्हणे, माझ्या हाताखाली पुरणपोळी शिकली, मराठीत माझ्याशी भांडे. पहिल्या लॉकडाऊनमध्ये तिचं लग्न एकदा मोडता मोडता राहिलं होतं. तारीख पुढं गेली, नवरदेवाची माणसं शहपुऱ्याची, ती कुरकुर करून राहिली होती. आता मोठ्या मुश्किलीनं मोजक्या माणसायची परवानगी भेटली होती. गल्लीत बल्ल्या लागल्या त ती परवानगी गेली, अन् तिसरी तारीख कोणी देणार नव्हतं.

तिनं माझ्यासमोर पदर धरला. "भाभी, चार दिन. बस लड़की विदा हो जाए. फिर मैं खुद लेकर चलूँगी भाई साहब को."

ती माझ्या पायाकडं वाकली, त मीच तिले वर ओढलं. म्हटलं, "ऐसा मत करो. बैठो." त्या "बैठो"मध्येच माझं हो झालं होतं.

आतमध्ये हे चप्पल घालून तयार होते. मी म्हटलं, "चार दिवस थांबता का? पोरीचं होऊन जाऊ द्या." यायनं माझ्याकडं पाह्यलं. मले वाटलं ओरडतील. कोणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हता तो. पण यायनं चप्पल काढली, पलंगाखाली सरकवली अन् म्हणाले, "म्हणजे आता मीभी चोर."

"बिमार माणसानं एवढं बोलू नये," मी म्हटलं.

"नाही, बरोबर आहे. पोर आपली आहे." अन् भिंतीकडं तोंड करून झोपले.

ते चार दिवस मी कसे काढले ते मीच जाणते. मेडिकलवाल्याले म्हटलं टायफाइड आहे, त्यानं न विचारता गोळ्या दिल्या. काढा केला, वाफ दिली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करवल्या. यायनं खोकलू नये म्हणून तोंडात लवंग धरायले लावली. विचार करा, बिमार माणसाले मी म्हणून राहिली का खोकू नका, ऐकू जाते. दिवसभर समोर हळद-तेलाच्या गाण्याचा आवाज, चार बायाच गात होत्या, ढोलक हळूच वाजवून राहिल्या. मी खिडकी लावून घे अन् रेडिओ लावे. कोणी विचारलं का भाई साहब दिसून नाही राहिले, त मी म्हणे पाठ धरली आहे. खोटं बोलायची मले सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी तोंडातून आपोआपच निघालं.

नागपूरहून पोराचा फोन ये. त्यालेभी तेच सांगितलं. पाठ धरली आहे. हे बाजूलेच पडले होते, डोळे उघडे.

शुक्रवारी पोर गेली. जाता जाता आमच्या दाराकडं आली, त मी पुढं होऊन बाहेरच थांबवली. "काका कुठं आहेत?" म्हणे. मी म्हटलं, झोपले आहेत. "काहून? माझ्या लग्नात झोपले?" रडता रडता हसली. मी दुरूनच तिच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मागं खिडकीत हे उठून बसले होते, गजाले धरून. तिनं वर पाहून हात हलवला. यायनंभी हलवला.

शनिवारी सकाळी यायचा श्वास लागला. दोन शब्द बोलायचे त मधात थांबावं लागे. भैयानं गाडी काढली. बायकोनं शब्द दिला होता तसं मागंपुढं न पाहता काढली, ते मी नाकारणार नाही. दवाखान्याबाहेर ऑटोत, जमिनीवर, झाडाखाली माणसंच माणसं. टेबलावर एक डॉक्टर होता. पोरगाच. डोळ्याखाली मास्कचा वळ, आवाज बसलेला. त्यानं यायच्या बोटाले चिमटी लावली, ऑक्सिजनचा आकडा पाह्यला, म्हणाला थोडा कम है. मंग मले विचारलं, "माताजी, बुखार कब से है?"

माझ्या मागं भैया उभे होते.

मी म्हटलं, "कल से."

काहून म्हटलं? लग्न होऊन गेलं होतं, पोर सासरी पोचली होती. आता कोणाचं काय अडणार होतं? मी या गोष्टीवर लई विचार केला. एक वाटते का, सोमवारपासून म्हटलं असतं त विचारलं असतं का मंग कोणाकोणाजवळ होते, अन् पोरीच्या सासरी पहिल्याच दिवशी तपासणीवाले पोचले असते. एक वाटते का, भैया ऐकून राहिले होते, त्यायले उघडं कसं पाडू. अन् एक वाटते का, यातलं काहीच नव्हतं. चार दिवस तोंडाले जे वळण लावलं होतं तेच बाहेर आलं.

यायनं हात वर केला. पाचही बोटं पसरून. सोमवार धरून मोजलं त तो शनिवार सहावा दिवस होता, पण बिमार माणसाच्या हाताले पाचच बोटं. डॉक्टरले वाटलं हे पाणी मागून राहिले, नाहीतर राम राम करून राहिले. तो म्हणाला, "बाबूजी, आराम से." मी तो हात धरला अन् खाली घेतला.

डॉक्टर समजावून सांगू लागला. एक ही दिन हुआ है, तो अभी घर पर रखिए, यहाँ एक पलंग पर दो-दो हैं, यहाँ और बिगड़ेंगे. पेट के बल सुलाइए. नंबर इससे नीचे जाए तो फौरन लाइए. कागदावर लिहून दिलं. वाईट नाही बोलला तो. मले म्हणाला, माताजी आप भी मास्क ठीक से लगाइए.

घराजवळ आल्यावर भैया म्हणाले, "भाभी, वापस चलें? सही बता दें?" मी यायच्याकडं पाह्यलं. हे डोळे मिटून होते. मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितलं तसं करू, उद्या पाहू.

उद्या पाहू म्हणणारी मी.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ओठ निळे पडले. परत नेलं. या वेळेस टेबलावर दुसरंच माणूस होतं, अन् पलंग नव्हता. गॅलरीत स्ट्रेचरवर ठेवलं. ऑक्सिजनचं नळकांडं येते येते म्हणत राहिले. मी उभी राहून यायची पाठ चोळत होती, जशी लहान पोराची चोळते. एक वाजता माझ्या हाताखाली पाठ थांबली. मी तरी थोडा वेळ चोळतच होती.

घाटावर भैयानंच अग्नी दिला. पोराले नागपूरहून निघायचा पास भेटला नव्हता, अन् यायचं दुसरं कोणी जबलपुरात नव्हतं. मले जवळ जाऊ दिलं नाही. दुरून पाह्यलं त रांगेनं चिता. त्यातली आमची कोणती ते भैयानं बोट करून दाखवलं. मी ज्या बोटाच्या दिशेनं पाह्यलं तिकडं तीन होत्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बल्ल्या लागल्या. मी एकटी आत. माझीभी तपासणी झाली, माझ्यात काही निघालं नाही. देवानं मले काहून सोडलं ते त्यालेच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी पास भेटून पोरगा आला, बल्ल्याखालून वाकून आत शिरला. रडला, मंग बसून कागद पाहू लागला. त्यात पहिल्या दिवसाचा तो कागद होता. घरी ठेवा म्हणून लिहिलेला. त्याचं डोकं फिरलं. "बाबा आपल्या पायानं आत गेले होते अन् यांनी परत पाठवले?" त्यानं तो कागद फोनवर चढवला. मंग काय, दिवसभर फोन. आपल्या समाजातले, फॅक्टरीतले जुने, कोणी पेपरवाला. कोणी म्हणे पाहा, असेच मारून राहिले अन् आकडे दाबून राहिले. कोणी म्हणे खोटं आहे, सरकारले बदनाम करून राहिले. चबुतऱ्यावरची जी भांडणं होती तीच आता माझ्या नवऱ्यावरून चालली होती, अन् त्यात बोलायले तेवढा एक माणूस नव्हता.

पोरानं तक्रारीचा अर्ज लिहिला. डॉक्टरच्या नावानिशी, चौकशी करा, नोकरीतून काढा. म्हणाला, "आई, तू बायको आहेस, तुझी सही पाहिजे."

मी सही करू शकते. यायचं नाव लावून कशी करायची ते यायनंच शिकवलं होतं. पोरानं पेन हातात दिला.

मी म्हटलं, "ताप सोमवारपासून होता."

त्याले समजलंच नाही. म्हणाला, "कोणता सोमवार?"

मंग सगळं सांगितलं. लग्न, टायफाइड, पाठ धरली, कल से. मी रडली नाही. रडली असती त त्यानं मले थांबवलं असतं अन् अर्धं राहून गेलं असतं. तो ऐकत राहिला. मी थांबली तेव्हा तो उठून पुढच्या दाराशी गेला अन् बाहेर पाहत उभा राहिला. समोर भैयाच्या घरी मांडवाचे बांस अजून तसेच होते, काढायले कोणी आलं नव्हतं.

परत आला अन् हळू म्हणाला, "हे कोणाले सांगू नको."

"काहून?"

"एवढे लोक बोलून राहिले, आई. मी काय सांगू त्यांना? माझी आईच खोटं बोलली म्हणून?"

"हो. तेच सांग."

"डॉक्टरनं तरी नीट पाहायला पाहिजे होतं. नंबर कमीच होता ना? तू सही कर."

मी म्हटलं, "त्याले मी जे सांगितलं त्यावर त्यानं केलं. तेभी कोणाचं तरी पोर आहे. मी नाही करत."

तो खूप बोलला. तुले भैयाच्या पोरीचं पडलं, बाबांचं नाही पडलं. मी ऐकून घेतलं. खोटं थोडंच बोलून राहिला होता. मंग पेन माझ्या हातातून काढून घेतला अन् अर्ज घडी करून बॅगेत ठेवला. फाडला नाही. पाठवला का नाही ते मी आजतागायत विचारलं नाही.

आता दर रविवारी त्याचा फोन येते. नळाले पाणी येते का, गोळ्या घेतल्या का, सिलिंडर आलं का. मी हो म्हणते. दोन मिनिटं होत नाहीत तेवढ्यात तो म्हणते, चलो, ठेवतो मंग. मी म्हणते, ठेव.