मांसाचं पातेलं शेवटी

वाढायचा डाव कायम हातात, म्हणून कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे डाववाली म्हणत. आठशे माणसांचा स्वयंपाक तिच्या हाताखाली होता आणि जीभ अशी तिखट, की मॅनेजरसुद्धा तिच्याशी जपूनच बोलायचा.

त्या उन्हाळ्यात उष्म्यापायी नातीची शाळा बंद ठेवली आणि डाववालीच्या डोक्यात मांस कमी करायचं भूत शिरलं. गुरांच्या चाऱ्यासाठी रानं तोडायची आणि मग हवा तापली म्हणून बोंब मारायची, हे तिला पटेना. "एका ताटानं काय होणार?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "घरी काहीच नाही. पण इथे माझा डाव आठशे ताटांवर फिरतो."

आधी तिनं सपशेल माती खाल्ली. दारावर पाटी लावली, 'पृथ्वीसाठी आज मांस बंद'. झालं. निम्मी माणसं फाटकाबाहेरच्या गाडीवर जाऊन मांसाचे रोल हाणून आली आणि तिचा राजमा कचऱ्याच्या पिंपात गेला. तिला रडूच आलं. पण हार मानेल ती डाववाली कसली. दुसऱ्या दिवशी पाटी अडगळीत फेकली आणि कुणाला काही न शिकवता तिनं पातेल्यांचा क्रम बदलला. रांगेच्या तोंडाशी राजम्याचा झणझणीत रस्सा, मग भाजलेली वांगी, मग भात. मांसाचं पातेलं सगळ्यात शेवटी. लोक पोटभर जेवू लागले, कुणाची तक्रार नाही, आणि मांस रोज उरू लागलं.

अडचण घरचीच होती. मांस पुरवायचा तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं घर त्या पातेल्यावर चालायचं. यापुढे मांस निम्मंच घेणार, असा निरोप मिळताच तो ऐन जेवणाच्या वेळी तणतणत आला.

"ताई, माझ्या पोटावर पाय देतेस?"

"आधी जेव. उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

तो धुमसतच रांगेत उभा राहिला. भूक सडकून लागली होती. रस्सा दोन डाव घेतला, वांगं घेतलं, भाताचा ढीग केला. शेवटच्या पातेल्याशी पोहोचला तेव्हा ताटात बोट ठेवायला जागा नव्हती. कडेला मांसाचा एकच तुकडा ठेवून तो निघाला आणि मध्येच थबकला. आधी ताटाकडे बघितलं, मग बहिणीकडे.

डाववालीला हसू आलं नाही. त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं तिनं. त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना, पण ती मागे हटली नाही.

"निम्मंच," ती म्हणाली.

तो जेवायला बसला. चाटूनपुसून साफ केलेलं ताट घेऊन आला तेव्हा आवाज खाली आला होता.

"हा राजमा कोण देतं तुला?"

"बाजारातून येतो. खडे निघतात मेले."

"मी निवडून आणला तर?"

"खडा निघाला तर भाऊ म्हणून सोडणार नाही," डाववाली म्हणाली आणि तिनं त्याच्या हातातलं ताट घेतलं.